म्हाताऱ्या उपग्रहाला हात लावण्याआधी

एप्रिल १९८४. अमेरिकी अंतराळवीर जॉर्ज नेल्सन पाठीवर उडण्याचा संच आणि पुढ्यात पकडयंत्र बांधून 'सोलर मॅक्स' नावाच्या उपग्रहापाशी पोहोचला. सूर्याचा अभ्यास करायला १९८० साली सोडलेला हा उपग्रह त्याच वर्षी फ्यूज गेल्यामुळे लुळा पडला होता, त्याला एका दिशेला रोखून राहता येत नव्हतं. त्याच्या अंगातून एक खुंटा बाहेर आलेला होता. त्यावर यंत्र टेकवायचं, जबडा मिटला की उपग्रह स्थिर करायचा आणि 'स्पेस शटल' यानाच्या स्वाधीन करायचा, असा बेत. नेल्सनने यंत्र टेकवलं. जबडा मिटेना. पुन्हा टेकवलं, जरा जोर लावून. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी त्याने उपग्रहाची सौरपट्टीच हाताने धरून बघितली, आणि तोवर संथ फिरणारा उपग्रह वेडावाकडा गडगडू लागला.

कारण मागाहून सापडलं. खुंट्याच्या शेजारी उष्णतारोधक आवरण अडकवण्यासाठी एक बारकी खुंटी बसवलेली होती. उपग्रहावर ती होती, आराखड्यात नव्हती.

नासाच्या गॉडार्ड केंद्रातल्या मंडळींनी जमिनीवरून आज्ञा देऊन देऊन उपग्रह कसाबसा आवरला. बॅटऱ्या मरायला टेकल्या होत्या. दोन दिवसांनी शटलच्या यांत्रिक हाताने त्याला पकडलं, दुरुस्ती झाली आणि पुढे १९८९पर्यंत त्याने काम केलं. म्हणजे शेवट गोड झाला, पण तो जमिनीवरच्या लोकांमुळे.

आता हे काम माणसांऐवजी सेवायानं करतात. ही यानं ज्यांना बनवायची आहेत असे स्टार्टअपमधले अभियंते, कॉलेजच्या प्रकल्पासाठी मोहीम आखणारी मुलं, आणि 'आपला जुना उपग्रह यांच्या हाती द्यावा का' या विचारात पडलेले उपग्रहमालक, अशांसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. त्या वाचताना एक सवय लावून घ्या: प्रत्येक पायरीवर पुढे कसं जायचं हे लिहिण्याआधी मागे कसं यायचं ते लिहा. ज्या पायरीचं 'मागे कसं' लिहिता येत नाही, तिथे मोहीम अजून तयार नाही.

पायरी १: रोग कोणता ते बघा

भूस्थिर कक्षेतला, म्हणजे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा दळणवळण उपग्रह साधारण पंधरा वर्षांच्या हिशेबाने बनवतात. चंद्रसूर्याच्या ओढीने त्याची कक्षा कलत जाते. ती सरळ ठेवायला दर वर्षी सेकंदाला सुमारे ५० मीटर इतका वेगबदल, म्हणजे तेवढं इंधन, खर्ची पडतो. पंधराव्या वर्षी अनेकदा असं चित्र दिसतं की ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत पाठवणारी यंत्रं) ठणठणीत, सौरपट्ट्या वीज देताहेत, पण टाकीचा तळ दिसतोय. असं गिऱ्हाईक सेवेसाठी उत्तम. जून २००१मध्ये सोडलेला 'इंटेलसॅट ९०१' असाच होता. २५ फेब्रुवारी २०२० रोजी नॉर्थ्रॉप ग्रमन या अमेरिकी कंपनीचं 'एमईव्ही-१' हे सेवायान त्याला जाऊन चिकटलं. डॉकिंगसाठी, म्हणजे यानाला यान जोडण्यासाठी, मुळात न बनवलेल्या व्यापारी उपग्रहाला दुसऱ्या यानाने जोडून घेण्याची ती पहिली वेळ. त्याचा संदर्भ पुढे वारंवार येईल.

इंधनाऐवजी बॅटरी आजारी असेल तर मात्र सावध. 'डीएमएसपी एफ-१३' हा १९९५ साली सोडलेला अमेरिकी हवामान उपग्रह वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१५मध्ये, बॅटरीतल्या बिघाडाने फुटला. त्या क्षणी शेजारी सेवायान असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करून बघा. युरोपचा 'एन्व्हिसॅट' आणखी वेगळा. आठ टनांचा हा उपग्रह एप्रिल २०१२मध्ये अचानक मुका झाला आणि तेव्हापासून गोते खात फिरतोय. त्याला सेवा देणं शक्य नाही. फार तर उचलून खाली आणता येईल, आणि ती वेगळीच विद्या आहे.

म्हणून मालकाकडून निदान दोन-तीन वर्षांची टेलिमेट्री, म्हणजे उपग्रहाने स्वतःच्या तब्येतीबद्दल पाठवलेले आकडे, मागून घ्या, आणि सरासरी आकड्यांवर समाधान मानू नका. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास जवळजवळ दीड महिना भूस्थिर उपग्रह रोज पृथ्वीच्या सावलीतून जातो, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. बॅटरीची खरी परीक्षा तेव्हा होते. त्या दिवसांतला सर्वांत खालचा व्होल्टेज दरवर्षी किती घसरला, ते बघा. दिशा धरणाऱ्या चाकांना पूर्वीइतक्याच वेगाला आता जास्त वीज लागतेय का? कुठला थ्रस्टर (छोटं ढकलइंजिन) वापरणं बंद केलंय आणि का? दोन रिसीव्हरपैकी एकच चालू असेल तर तोही गेल्यावर तुमचं म्हणणं त्याच्या कानावर घालायला वाटच उरणार नाही. २०१०मध्ये 'गॅलेक्सी १५' आठ महिने असाच बहिरा झाला होता. आज्ञा ऐकेना, पण प्रक्षेपण मात्र जोरात चालू, आणि तसाच शेजाऱ्यांच्या जागांतून सरकत गेला.

इंधन किती उरलंय हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वजनहीन अवस्थेत टाकीतल्या द्रवाला पातळीच नसते, त्यामुळे काटा बसवून भागत नाही. मार्ग तीन. एक, पहिल्या दिवसापासून कुठला थ्रस्टर किती वेळ चालला याची वही ठेवून वजाबाकी करायची. दोन, टाकीतल्या वायूचा दाब आणि तापमान यावरून रिकामी जागा काढायची. तीन, टाकीवरचा हीटर लावून ती किती वेळात तापते ते बघायचं. भरलेलं पातेलं तापायला वेळ लागतो, तळाशी घोटभर दूध असेल तर लगेच चटका बसतो, तीच गोष्ट. म्हातारपणी तिसरी पद्धत जास्त भरवशाची, कारण वहीतल्या चुका वर्षानुवर्षं साचत जातात.

ही चूक किती महागात पडते ते एका हिशेबात कळेल. निवृत्त उपग्रहाला भूस्थिर पट्ट्याच्या वर सुमारे ३०० किलोमीटरवरच्या स्मशानकक्षेत न्यायला सेकंदाला ११ मीटरच्या आसपास वेगबदल पुरतो, म्हणजे नेहमीच्या खर्चाचे जेमतेम अडीच महिने. समजा वहीत दोनच टक्के चूक आहे. पंधरा वर्षांचे दोन टक्के म्हणजे साडेतीन महिने. अंत्यविधीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेपेक्षा हिशेबातली चूक मोठी! 'अजून थोडं आहे' म्हणत उपग्रह जागेवरच मरतो, तो असा.

इथेच पहिला निर्णय घ्यायचा असतो: सेवा की निरोप? निरोप हा पराभव नव्हे. एकेकाळी 'डीडी डायरेक्ट प्लस' घराघरांत पोहोचवणारा 'इन्सॅट-४बी' जानेवारी २०२२मध्ये इस्रोने टप्प्याटप्प्याने वर चढवून स्मशानकक्षेत नेऊन ठेवला. 'मेघा-ट्रॉपिक्स-१' ८६७ किलोमीटर उंचीवर होता आणि आपोआप खाली यायला त्याला शंभरावर वर्षं लागली असती. त्याच्या टाकीत सुमारे १२५ किलो इंधन शिल्लक होतं. ते वापरून ७ मार्च २०२३ रोजी तो प्रशांत महासागरावर उतरवला. त्याची रचना अशा नियंत्रित अखेरीसाठी केलेलीच नव्हती, तरी जमवलं. तुमच्या गिऱ्हाईकाकडे एवढं इंधन असेल आणि उपकरणं थकली असतील, तर त्याला सेवायानाची जाहिरात पाठवू नका.

पायरी २: कागद

समुद्रात बेवारस जहाज वाचवलं तर वाचवणाऱ्याला मोबदल्याचा हक्क मिळतो. अंतराळात तसा कायदा नाही. १९६७च्या अंतराळ कराराचं आठवं कलम स्पष्ट आहे: उपग्रह जिवंत असो, मेलेला असो की तुकडा झालेला असो, मालकी आणि ज्या देशाच्या नोंदवहीत तो आहे त्याचा अधिकार कायम राहतो. म्हणून मालकाची लेखी संमती, त्याच्या देशाची परवानगी आणि तुमच्या देशाची परवानगी, तिन्ही हातात पडल्याशिवाय प्रक्षेपणाची तारीख ठरवू नका. भारतात खासगी संस्थेसाठी हा दरवाजा 'इन-स्पेस' या सरकारी परवानगी संस्थेचा.

मग नुकसानभरपाई. १९७२चा दायित्व करार म्हणतो, जमिनीवर नुकसान झालं तर प्रक्षेपक देश बिनशर्त जबाबदार. अंतराळात झालं तर ज्याची चूक त्याची जबाबदारी. पहिल्या प्रकाराचा नमुना म्हणजे १९७८मध्ये अणुभट्टीसकट कॅनडाच्या उत्तर भागात कोसळलेला सोव्हिएत 'कॉसमॉस ९५४'. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले, १९८१मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. दुसऱ्या प्रकारात 'चूक' कशाला म्हणायचं हेच सेवामोहिमेत मोठं कोडं. डॉकिंगच्या वेळी जुन्या उपग्रहाचा थ्रस्टर आपसूक चालू झाला आणि दोघेही फुटले, तर चूक कोणाची? त्यात 'एमईव्ही-१' अमेरिकी कंपनीचं, रशियन 'प्रोटॉन' अग्निबाणाने, कझाकस्तानातल्या बैकानूरहून उडालेलं. करारातल्या व्याख्येप्रमाणे प्रक्षेपक देश एकापेक्षा जास्त असू शकतात. त्यामुळे मिनिटाबरहुकूम जबाबदारी वाटून घ्या: अमुक क्षणापर्यंत जुन्या उपग्रहाचं नियंत्रण मालकाकडे, तमुक क्षणापासून तुमच्याकडे. विमा कंपनी नेमकं हेच विचारते.

शेजाऱ्यांना आधी सांगणं हाही कागदाचाच भाग. दुसऱ्याच्या उपग्रहाला जाऊन धरू शकणारं यान उद्या तो मोडूही शकतं, हे सगळ्या लष्करांना कळतं. तुम्ही कुठे, कधी, कोणाजवळ जाणार आहात ते जाहीर केलं की निम्मा संशय तिथेच मिटतो. या धंद्यातल्या कंपन्यांचा 'कॉन्फर्स' नावाचा गट आहे, आणि आयएसओचं २४३३० क्रमांकाचं मानक २०२२मध्ये आलं. दोन्ही वाचा. भाषा रुक्ष आहे, पण कामाची आहे.

पायरी ३: आराखड्यावर विसंबू नका

सोलर मॅक्सची खुंटी इथे आठवा. वीस वर्षांपूर्वीच्या उपग्रहाचे आराखडे मिळतील, पण आराखडा आणि प्रत्यक्ष यांच्यात शेवटच्या आठवड्यात फरक पडतो. आवरण नीट बसत नाही म्हणून तंत्रज्ञ एक पट्टी लावतो, वायर मोकळी लोंबू नये म्हणून गाठ मारतो. म्हणून प्रक्षेपणाआधी काढलेले अखेरचे फोटो मागा. ते कपाटात कुठेतरी असतातच. आणि जमलं तर तो उपग्रह ज्यांनी हाताने बांधला त्या निवृत्त माणसांना गाठून चहा पाजा. त्या एका तासात जे कळतं ते कुठल्याही फायलीत नसतं.

धरायचं कुठे? जुन्या उपग्रहाला मूठ नसते. पण दोन गोष्टी बहुतेक भूस्थिर उपग्रहांना असतात: अग्निबाणाला जिथे जोडला होता ते गोल कडं, आणि कक्षेत चढताना वापरलेल्या मुख्य इंजिनाचं नळकांडं. कडं मजबूत असतं, कारण प्रक्षेपणाच्या वेळी सगळा भार त्यानेच पेललेला असतो. आणि इंजिन एकदा वर पोहोचल्यावर निरुपयोगी. 'एमईव्ही'ने याचाच फायदा घेतला. त्याची लांब दांडी इंजिनाच्या नळकांड्यातून आत जाते, सर्वांत अरुंद गळा ओलांडते, पलीकडे तिचं टोक फुलतं, आणि मग दांडी मागे ओढून उपग्रह कड्यापाशी टेकवून घट्ट आवळला जातो. कान नसलेल्या कपाला आत बोटं घालून, ती फाकवून उचलतो ना, तसं. सोडायचं झालं की टोक मिटायचं, दांडी बाहेर. मला या रचनेत सर्वांत आवडतं ते हेच, की काहीही कापावं लागत नाही, काहीही चिकटवावं लागत नाही, आणि धरणं जितकं सोपं तितकंच सोडणंही.

पायरी ४: जवळ जाणं

रस्त्यावर पुढची गाडी गाठायची तर वेग वाढवतो. कक्षेत उलटं. पुढच्या उपग्रहाकडे तोंड करून थ्रस्टर मारला तर तुमची कक्षा उंच होते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि तुम्ही मागे पडता. गाठायचं तर ब्रेक मारून खाली उतरायचं. खालची कक्षा वेगवान, ती तुम्हाला पुढे नेते. नवख्याने हातात कळ घेऊन 'सरळ' जाण्याचा प्रयत्न केला तर तो गोल-गोल भरकटत इंधन जाळतो. म्हणून आधी सिम्युलेटरवर शंभर वेळा चुका, मग वर जा.

मार्ग आखताना पहिली अट ठेवा: या क्षणी माझं इंजिन, संगणक, रेडिओ सगळं बंद पडलं तर यान नुसतं तरंगत कुठे जाईल? उत्तर 'गिऱ्हाईकाच्या अंगावर' असं असेल तर तो मार्ग रद्द. अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत असे मार्ग निवडता येतात की काहीही न केल्यास यान आपोआप लांब जाईल. लांब असताना लक्ष्याभोवती कलती लंबवर्तुळं घालत राहायची. ती त्याच्या मार्गाला कधी छेदत नाहीत.

दुसरी अट, थांबे. कल्याणच्या यार्डात इंजिन डब्यांना जोडताना बघितलंय? ते आधी थोडं अंतर राखून पूर्ण उभं राहतं. मग शंटिंगवाला झेंडी दाखवतो आणि इंजिन मुंगीच्या पावलांनी पुढे येतं. कक्षेत दोन उपग्रह जोडून बघण्याच्या इस्रोच्या 'स्पेडेक्स' मोहिमेचं नियोजन असंच होतं. ३० डिसेंबर २०२४ रोजी 'पीएसएलव्ही-सी६०'ने २२० किलोचे दोन उपग्रह ४७५ किलोमीटरच्या कक्षेत सोडले. थांबे ठरलेले: ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५ मीटर, १५ मीटर, ३ मीटर. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न: सगळं अपेक्षेप्रमाणे आहे का? नसेल तर पुढे पाऊल नाही.

आणि पुढे पाऊल टाकलं नाही, हेच शिकण्यासारखं आहे. डॉकिंग आधी ७ जानेवारीला होतं. आदल्या दिवशी, मोहीम अर्धवट सोडून मागे यावं लागेल अशी एक परिस्थिती लक्षात आली. ती जमिनीवर तपासून बघायची म्हणून तारीख ९ वर गेली. मग २२५ मीटरकडे येताना, ग्राउंड स्टेशनच्या नजरेआड असलेल्या काळात, उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त सरकलेला आढळला. पुन्हा थांबले. १२ तारखेला यानं १५ मीटरवर, तिथून ३ मीटरवर आली. देशभरातले लोक आता जोडणार म्हणून डोळे लावून बसलेले, आणि इस्रोने दोघांनाही सुरक्षित अंतरावर मागे नेलं! आधी मिळालेली माहिती तपासली, मग १६ जानेवारीला डॉकिंग केलं. त्या आठवड्यात समाजमाध्यमांवर थट्टा करणारे कमी नव्हते. पण ३ मीटरवरून परत फिरता येतं हे दाखवणं मला स्वतःला प्रत्यक्ष जोडणीइतकंच मोठं वाटतं.

याच्या उलट उदाहरण नासाच्या 'डार्ट'चं, एप्रिल २००५. (लघुग्रहाला धडकलेलं ते नव्हे, हे त्याच्या आधीचं, वेगळं यान.) 'मबल्कॉम' नावाच्या जुन्या उपग्रहाजवळ स्वतःच्या अकलेने जायचं, भोवती फिरायचं, असा बेत होता. दिशादर्शक संगणकाच्या वेगाच्या मापात चूक होती. ती दुरुस्त करायच्या नादात यान थ्रस्टर मारत राहिलं, इंधन नियोजित वेळेच्या खूप आधी संपत आलं, आणि या गडबडीत ते सेकंदाला दीड मीटरच्या वेगाने लक्ष्यावर आदळलं. आदळलं हे त्याला स्वतःला कळलंही नाही. जमिनीवर बसलेले लोक काही करू शकले नाहीत, कारण त्या यानाला वर आज्ञा पाठवण्याची सोयच ठेवलेली नव्हती. नशीब की दोघांपैकी कोणी फुटलं नाही.

यातून यादीत लिहून ठेवा: अंतर आणि वेग मोजणारी दोन वेगळ्या तत्त्वांची साधनं, एक चुकलं तर दुसऱ्याने ओरडलं पाहिजे. इंधनाची अशी रेषा, जिच्या खाली गेल्यावर यान न विचारता मागे फिरेल. आणि 'थांब' ही आज्ञा जमिनीवरून कधीही देता येईल अशी वाट.

पायरी ५: लांबून नीट बघा

'एमईव्ही-१'ने इंटेलसॅट ९०१ला त्याच्या कामाच्या जागेवर धरलं नाही. आधी उपग्रहाला सुमारे ३०० किलोमीटर वर स्मशानकक्षेत यायला सांगितलं आणि भेट तिथे झाली. पहिल्याच प्रयत्नात काही फुटलं असतं तर तुकडे गजबजलेल्या भूस्थिर पट्ट्यात पसरू नयेत, म्हणून. अनुभव आल्यावर 'एमईव्ही-२'ने एप्रिल २०२१मध्ये 'इंटेलसॅट १०-०२'ला चालू सेवेत, जागेवरच धरलं. हाच क्रम ठेवा. पहिली शस्त्रक्रिया भरचौकात नको.

जपानच्या 'अ‍ॅस्ट्रोस्केल'चं 'एड्रास-जे' हे फेब्रुवारी २०२४मध्ये उडालेलं यान तर फक्त बघायलाच गेलं होतं. लक्ष्य: २००९पासून वर फिरणारा ११ मीटर लांब, तीन टनांचा अग्निबाणाचा टप्पा. त्याच्याकडून कुठलाही सिग्नल नाही, मदत नाही. त्याच्याभोवती फिरताना जूनमध्ये एकदा यानाला काहीतरी खटकलं आणि ते आपोआप दूर झालं. जुलैमध्ये फेरी पूर्ण झाली. त्या फोटोंवरून टप्पा किती वेगाने फिरतोय, धरायची जागा शाबूत आहे का, हे सगळं कळलं.

बघताना उन्हाचा कोन सांभाळा. सोनेरी-चंदेरी आवरणावर ऊन पडलं की कॅमेऱ्याला नुसता लखलखाट दिसतो, आणि हवा नसल्यामुळे सावली काळीकुट्ट, तिच्यात काहीच दिसत नाही. खालच्या कक्षेत तर दीड तासात दिवस-रात्र उरकते, त्यामुळे चांगला उजेड मोजक्या मिनिटांचा. आवरण कुठे सुटून फडफडलंय का, सौरपट्टीचा कोपरा वाकलाय का, ते फोटोंत शोधा आणि पायरी ३मधल्या जुन्या फोटोंशेजारी ठेवून बघा. फरक सापडला तर पकडण्याचा बेत नव्याने तपासायचा, मग भले महिना जावो.

पायरी ६: शेवटचे तीन मीटर

स्पेडेक्सचा शेवटचा वेग सेकंदाला १० मिलिमीटर ठेवलेला होता. तीन मीटरला पाच मिनिटं. अशा वेगाने येण्याचं कारण साधं: आदळण्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, आणि दोन्ही तरंगत असल्यामुळे जरा जोरात टेकलं तर जबडा मिटायच्या आत समोरचा निसटून दूर जातो. 

टेकण्याच्या क्षणी तीन धोके असतात. पहिला, दोघांची भांडणं. जुना उपग्रह आपली दिशा टिकवण्याचा आटापिटा करत असतो. तुम्ही त्याला धरलंत की त्याला तो धक्का वाटतो आणि तो उलट जोर लावतो. म्हणून पकडीच्या ठरलेल्या सेकंदाला त्याचे थ्रस्टर बंद करणारी आज्ञा मालकाकडून गेलीच पाहिजे, आणि पकड फसली तर ते पुन्हा चालू करणारी आज्ञा आधीपासून तयार हवी. दुसरा, तुमच्याच थ्रस्टरचा झोत. हवा नसल्याने तो पंख्यासारखा पसरतो आणि समोरच्याच्या लांबलचक सौरपट्टीवर आदळून त्याला फिरवतो. जवळ आल्यावर समोर तोंड असलेले थ्रस्टर शक्यतो वापरू नका. तिसरा, विजेचा. भूस्थिर कक्षेत वेगवेगळ्या उपग्रहांवर वेगवेगळा विद्युतभार साचतो. टेकताच ठिणगी पडून जुने इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात, तेव्हा पहिला स्पर्श भार हळूहळू वाहून नेणाऱ्या भागाने व्हायला हवा.

पायरी ७: काम कमीत कमी

सर्वांत सोपं काम म्हणजे नुसतं धरून राहणं. सेवायान जुन्याच्या पाठीला चिकटून स्वतःच्या थ्रस्टरने दोघांना जागेवर ठेवतं. इंटेलसॅट ९०१ अशा रीतीने २ एप्रिल २०२० रोजी पुन्हा सेवेत आला.

इंधन भरणं ऐकायला सोपं, करायला अवघड. २००७च्या 'ऑर्बिटल एक्स्प्रेस' मोहिमेत एका उपग्रहातून दुसऱ्यात हायड्राझिन भरून दाखवलं, बॅटरीही बदलली; पण ते दोघे त्यासाठीच बनवलेले होते. जुन्या उपग्रहाची इंधनाची तोटी जमिनीवर एकदा भरून कायमची बंद केलेली असते: वर आवरण, खाली तारेने बांधलेली टोपी, तिच्या खाली दुसरी टोपी. ही तार कापणं, टोप्या काढणं याचा सराव अंतराळ स्थानकावर रोबोटने केला. पण 'लँडसॅट ७'मध्ये खरोखर इंधन भरायला निघालेली नासाची 'ओसॅम-१' मोहीम खर्च आणि विलंब वाढत गेल्याने २०२४मध्ये बंद करावी लागली. यात गळतीची भीती वेगळीच. हायड्राझिन विषारी, आणि दोन अंशांच्या आसपास गोठतं.

तेव्हा नुसतं धरून भागत असेल तर तोटीच्या नादी लागू नका. नवा उपग्रह बांधत असाल तर मात्र आजच त्याला एक मूठ, कॅमेऱ्याला ओळखता येईल अशी खूण आणि कक्षेत उघडता येईल अशी तोटी बसवा. वजन किरकोळ वाढतं. मुंबईत 'इन्स्पेसिटी'सारख्या कंपन्या उपग्रहांचं आयुष्य वाढवण्यावर काम करताहेत. त्यांच्या हाती उद्या येणारे उपग्रह आज कुठल्यातरी टेबलावर उघडे पडलेले आहेत.

पायरी ८: सोडणं

जोडलेल्या अवस्थेत दर सहा महिन्यांनी सोडण्याची यंत्रणा तपासा: दांडीचं टोक मिटवणारी मोटर, तिचं तापमान, तिची वीज. सेवायानाच्या इंधनाचे तीन भाग वहीत वेगळे लिहा: सेवेचं, जुन्याला स्मशानकक्षेत नेण्याचं, आणि तुमच्या स्वतःच्या निरोपाचं. पहिला भाग संपला की करार वाढवायची विनंती येतेच, मालक गोड बोलतो, पैसेही देतो. दुसऱ्या-तिसऱ्या भागाला हात लावायचा नाही.

'एमईव्ही-१'ने पाच वर्षं इंटेलसॅट ९०१ला सांभाळलं, आणि एप्रिल २०२५मध्ये त्याला पुन्हा स्मशानकक्षेत नेऊन सोडलं. मग ते पुढच्या गिऱ्हाईकाकडे निघालं. तुम्हीही असं सोडाल तेव्हा मागे उरलेल्या उपग्रहाची उरलीसुरली टाकी रिकामी करून घ्या, दाबाखालचा वायू सोडून द्या, बॅटरी चार्जिंगपासून तोडा, चाकं थांबवा आणि सगळ्यात शेवटी ट्रान्समीटर बंद करा. तो आधी बंद केलात तर बाकीची कामं झाली की नाही हे कळणार नाही. दूर जाताना थांबे तेच, उलट्या क्रमाने: तीन मीटर, पंधरा, सव्वादोनशे. दोघांच्या नव्या कक्षांचे आकडे मागोवा घेणाऱ्या केंद्रांना त्याच दिवशी कळवा, कारण काल रात्रीपर्यंत त्यांच्या पडद्यावर तिथे एकच ठिपका होता.